उजनी हिरवी, लोणार गुलाबी. पण आपलं पाणी चमकत का नाही?

नमस्कार मंडळी! हा मागे दिसतोय तो आपला सिद्धेश्वर तलाव. कोकणातल्या निळ्या चमकत्या लाटांचे व्हिडिओ फोनवर फिरायला लागले, की सोलापुरात एक प्रश्न हमखास येतो: आपल्याकडे असं कधी दिसणार?

दिसणार नाही. ती चमक नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाची. लाट फुटली, वल्हं लागलं, की त्याच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाची ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि क्षणभर निळा उजेड पडतो. पण हा जीव खाऱ्या पाण्यातला, भीमेत तो जगायचा नाही. गोड्या पाण्यात उजेड पाडणारे जीव तसे जगातच विरळा. न्यूझीलंडच्या ओढ्यांत एक छोटी गोगलगाय आहे, तेवढी मात्र हिरवी चमकते.

लोणार गुलाबी झालं, ते जून २०२० मध्ये. तिथं उजेडाचा संबंध नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. गुलाबी रंगद्रव्य त्यांचंच. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले, तेव्हा हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी जवळजवळ नितळ झालं! म्हणजे पाणी रंगलेलं नव्हतंच.

आता उजनी. फ्लेमिंगो बघायला जातो आपण, पण धरणावरच्या हिरव्या तवंगाचं कुणी बोलत नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आयतं खत. वर आपलं ऊन. मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून ते दुधावरच्या सायीसारखं वर येतं आणि वाऱ्यानं काठाला जमतं. रात्री तेच पाण्यातला ऑक्सिजन ओढतं. तळ्यात पहाटे मासे मेलेले दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आणि हो, "उकळून घेतलं की झालं" हे इथं चालत नाही. यातल्या काही जाती यकृताला बाधणारं मायक्रोसिस्टिन तयार करतात आणि ते उकळण्यानं जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात जास्त उतरतं. त्यामुळे हिरवा थर जमलेल्या काठावर जनावरं पाण्याला नेऊ नका, पोरांनाही पोहायला सोडू नका.