दगडावरची नावे वाचवणारी माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

राजा राममोहन रॉय यांचे २७ सप्टेंबर १८३३ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे निधन झाले, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यांची समाधी जिथे आहे ती आर्नोस व्हेल ही दफनभूमीच मोडकळीला आली होती आणि तेथील सामान्य नागरिकांनी ती वाचवली, ही हकिकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

१८३७ मध्ये स्थापन झालेली ही दफनभूमी सुमारे ४५ एकरांची आहे. राजांचा देह प्रथम शहराजवळच्या एका बागेत पुरला होता. १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोर यांच्या पुढाकाराने तो येथे आणून त्यावर भारतीय धाटणीची छत्री उभारण्यात आली. स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी १८६६ मध्ये प्रथम भारतात आलेल्या मेरी कार्पेंटर यांचीही कबर येथेच आहे.

१९८० च्या दशकात खासगी मालकाने या जागेचा काही भाग बांधकामासाठी देण्याचा बेत केला, तेव्हा आसपासचे रहिवासी एकत्र आले. त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिला आणि अखेर २००३ मध्ये नगरपालिकेने ही जागा सक्तीने संपादित केली.

त्यानंतरचे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात उत्साहापेक्षा संयम लागतो. थडग्याला वेढलेली आयव्हीची वेल जोराने ओढली, तर तिची मुळे सांध्यांतला चुना आणि कधी कधी दगडाचा पापुद्राही घेऊन येतात. म्हणून ती बुंध्याशी कापून, वाळू देऊन, मग सावकाश सोडवावी लागते. दगड धुण्यासाठी स्वच्छ पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने दगड चकचकीत दिसेल, पण अक्षरे झिजून जातील, आणि दगड काळवंडलेला राहिला तरी चालेल, अक्षर गेले तर ते परत येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुसट मजकूर वाचण्यासाठी बाजूने तिरपा प्रकाश टाकतात. समोरून काहीच दिसत नसलेल्या दगडावर मग सावल्यांतून नाव उमटते. त्या काळी अनेक थडग्यांवर शिशाची अक्षरे बसवत आणि ती पक्की राहावीत म्हणून दगडात बारीक छिद्रे पाडत. शिसे गळून पडले तरी छिद्रे उरतात, आणि त्यांच्या मांडणीवरून कोणते अक्षर होते हे जाणकार स्वयंसेवक ओळखतो.

नाव हाती आले की संशोधन सुरू होते. दफनाची नोंदवही, दर दहा वर्षांची जनगणना आणि जुनी वर्तमानपत्रे ताडून पाहिली, म्हणजे ती व्यक्ती कोणत्या गल्लीत राहत होती, तिचा व्यवसाय काय होता, घरात किती मुले दगावली, हे कळू लागते. मोठ्यांची चरित्रे लिहिली जातातच. गवंडी, मोलकरीण, खलाशी यांच्याविषयी मात्र बहुधा एवढेच शिल्लक असते.

आपल्याकडेही पुण्यासारख्या लष्करी छावणीच्या शहरांत जुन्या दफनभूमी आहेत. तेथे असे काम करण्याची इच्छा असेल, तर प्रथम व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी, आणि कोयता हाती घेण्यापूर्वी प्रत्येक दगडाचे छायाचित्र काढून, त्याची जागा नकाशावर नोंदवून, त्यावरील मजकूर आहे तसा, चुकांसकट, उतरवून ठेवावा.