रेन्वारची 'ओडालिस्क': चित्रातली ही बाई नेमकी कुठली?

नमस्कार मंडळी! हे चित्र आधी दहा सेकंद नुसतं बघा, मी गप्प बसते.

बघितलंत? गालिचा, गिरद्या, त्यांना रेलून बसलेली ही बाई, अंगावर जरीचं काम, झिरझिरीत कापड, आणि डोळे अर्धे मिटलेले पण बघतेय थेट आपल्याकडे. हे फ्रेंच चित्रकार रेन्वारचं 'ओडालिस्क', १८७० सालचं, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. ओडालिस्क म्हणजे जनानखान्यातली दासी. त्या वर्षी पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, हे लागलं तेव्हा नाव होतं 'अल्जियर्सची बाई'. अल्जियर्स म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या अल्जेरियाची राजधानी.

पण ही अल्जियर्सची नाहीच हो! ही लीझ ट्रेओ, बावीस वर्षांची फ्रेंच मुलगी, रेन्वारची प्रेयसी आणि तेव्हाची नेहमीची मॉडेल. आणि रेन्वारने तोवर अल्जेरिया पाहिलाच नव्हता, तो तिथे पहिल्यांदा गेला १८८१ मध्ये! मग हे सगळं आलं कुठून? तर देलाक्रवा या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकाराकडून, तो १८३२ मध्ये मोरोक्को, अल्जियर्स फिरून आला होता आणि त्याचं 'अल्जियर्सच्या बायका' हे चित्र रेन्वारला प्रचंड आवडायचं. त्यात फ्रान्सने अल्जियर्स जिंकलं १८३० मध्येच, त्यामुळे तिकडचे कपडे, गालिचे पॅरिसच्या दुकानांत आलेलेच होते.

आता कापडाकडे जरा जवळून बघू. ही जरी धागा धागा मोजून काढलेली नाहीये, रंगाचे छोटे छोटे फटकारे आहेत, मागे सरकलात की त्याची जरी होते. इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे अशाच सुट्या फटकाऱ्यांनी रंगवणाऱ्या रेन्वार आणि त्याच्या मित्रांचं, पहिलं प्रदर्शन भरायला अजून चार वर्षं होती, आणि हात मात्र इथे आधीच सुटलाय, म्हणून मला हे चित्र इतकं आवडतं.

आणि तरीही एक गोष्ट मला सलते. त्याच १८७० मध्ये रेन्वारने क्लेमेंतिन स्तोराचं चित्र केलं, तिचा नवरा पॅरिसमध्ये अल्जेरियन वस्तूंचं दुकान चालवायचा. तिच्याही अंगावर अल्जेरियन पोशाखच आहे, पण ती कुठे लोळत नाहीये, आणि चित्राला तिचं स्वतःचं नाव आहे. स्तोराचं ते चित्र पुढे मोने या रेन्वारच्या चित्रकार मित्राने घेतलं, ज्याने स्वतः तरुणपणी अल्जेरियात फौजेत नोकरी केली होती. म्हणजे खरी बाई समोर बसली की ती माणूस म्हणून दिसते, आणि कल्पनेतली असली की तिला गिरद्यांवर आडवं करायचं, नाव पण काढून घ्यायचं.

लीझने १८७२ मध्ये एका आर्किटेक्टशी लग्न केलं आणि ती रेन्वारच्या चित्रांतून गेली ती गेलीच. आता परत एकदा तिचा चेहरा बघा, कपडे विसरा, फक्त चेहरा. मी झूम करते.