मांडीवरची बॅग

नमस्कार मंडळी. आजचा विषय थोडा जपून ऐकायचा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. ऐकता ऐकता कोणाला छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, घसा दाटून आला तर सरळ रेडिओ बंद करा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या चार वस्तूंकडे नीट बघा आणि कोणी जवळचं माणूस असेल तर त्याच्याशी बोला. पूर्ण ऐकलंच पाहिजे असं काही नाही.

लहानपणीचे आघात आणि त्यातून बरं होणं, यावर बोलायचंय. आघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण येते, लैंगिक अत्याचार येतो, दारू पिऊन घर डोक्यावर घेणारा माणूस येतो, आणि ते तर आहेच, पण अजून एक प्रकार असतो ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जे व्हायला हवं होतं ते झालंच नाही, हाही आघातच. मूल रात्री घाबरून उठलं आणि कोणी आलं नाही, एकदा नाही, कित्येक वर्षं कोणी आलं नाही. याची खूण अंगावर दिसत नाही, फोटोत दिसत नाही, म्हणून ते मूल मोठं झाल्यावर स्वतःच म्हणतं, माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही हो.

आणि हे मूठभर लोकांचं दुखणं नाहीये. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या दोन डॉक्टरांनी १७ हजारांहून जास्त मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं, त्याचा पहिला पेपर १९९८ साली आला. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एक तरी वाईट अनुभव सांगितला, आणि असे अनुभव जितके जास्त तितके पुढे नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकारसुद्धा जास्त, असं त्यात दिसलं. ही साधीसुधी, नोकरीपाणी करणारी, विमा असलेली माणसं होती बरं का.

आकडे एवढेच. मी थेरपिस्ट आहे, आता मला तुम्हाला माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांबद्दल सांगायचंय. त्यांची परवानगी घेतलेली आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि "मॅडम, सांगा, कोणाला उपयोग झाला तर बरंच आहे" असं ते स्वतःच म्हणाले.

वय पंचेचाळीसच्या आसपास. झोप लागत नाही आणि डोकं दुखतं म्हणून आले होते, म्हणजे बायकोने पाठवलं होतं. माझ्या खोलीत तीन खुर्च्या आहेत, ते कायम दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, काठावर, आणि ऑफिसची बॅग मांडीवर. बॅगेचा पट्टा डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. दर आठवड्याला, सात महिने, हेच. दुसऱ्या महिन्यात मी एकदा सहज विचारलं, बॅग खाली ठेवायची का, तर म्हणाले सवय आहे. मी विषय सोडला. आणि लहानपण विचारलं की वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसं सांगायचे, वडील प्यायचे, मारायचे, आई गप्प असायची, बहीण लहान होती, सगळ्यांच्याच घरी थोडंफार असतं मॅडम. आवाजात एक सुरकुतीसुद्धा नाही. मी मला येत होतं ते सगळं करून बघितलं, श्वासाचे व्यायाम, झोपेची वही, स्वप्नं लिहून आणायला सांगितली. झोप थोडी सुधारली. माणूस मात्र दारापाशीच बसून होता.

मग एक दिवस माझ्याकडून चूक झाली. आधीच्या सेशनला आलेली मुलगी फारच वाईट अवस्थेत होती, तिला तसं सोडता येईना, आणि यांना वीस मिनिटं उशीर झाला. उशीर होतो, पण मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. दार उघडलं तर हे जिन्यापाशी उभे, बॅग छातीशी, आणि चेहऱ्यावर हसू. "काही हरकत नाही मॅडम, तुम्हाला कामं असतात." आत आले, बसले, माझ्या तब्येतीची चौकशी केली, एरवीपेक्षा जास्त गोड बोलायला लागले. आणि मला, हे मुद्दाम सांगते, मला झोप यायला लागली. ते बोलत होते आणि मला ते काचेपलीकडून बोलल्यासारखे लांब वाटत होते. आमच्या कामात स्वतःला काय होतंय तेही ऐकावं लागतं, कारण समोरच्याला जे सांगता येत नाही ते कधीकधी आपल्या अंगात उमटतं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. पट्टा इतका आवळलेला होता की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, मी वीस मिनिटं उशीर केला आणि तुम्हाला कळवलं नाही, ही माझी चूक आहे. तुम्ही बाहेर उभे होतात तेव्हा काय काय झालं ते मला ऐकायचंय, राग आला असेल तर तोसुद्धा.

नाही नाही, राग कसला. मग बराच वेळ शांतता. माझ्या खोलीत घड्याळ आहे पण टिकटिक करणारं नाही, ते मी मुद्दाम काढून टाकलं, आणि माझं तर मत आहे की ज्या ज्या ठिकाणी माणूस वाट बघत बसतो, दवाखाना असो की बँक, तिथले टीव्हीही बंद करावेत, माणसाला स्वतःचा आवाज ऐकूच येऊ देत नाही आपण. असो. तर त्या शांततेत ते म्हणाले, "मी तुमच्या पावलांचा आवाज ऐकत होतो."

म्हणजे?

"तुम्ही आत चालत होतात ना. पावलावरून कळतं, माणूस चिडलेला आहे की नाही."

आणि मग सात महिन्यांत न आलेली गोष्ट आली. आठ वर्षांचा मुलगा रात्री अंथरुणात जागा. वडिलांची पावलं जिन्यावर. किती पायऱ्या सलग चढले, मधे कुठे थांबले, ते मोजायचं. मधल्या वळणावर थांबले, आणि वर येऊन किल्ली दोनदा कुलुपाच्या बाजूला घासली, की समजायचं, आज वाईट आहे. मग लहान बहिणीच्या तोंडावर हात ठेवून तिला उठवायचं, म्हणजे ती ओरडणार नाही, आणि मागच्या दाराने शेजारच्या मावशींकडे जायचं. त्यासाठी शाळेची एक जुनी बॅग कायम भरलेली असायची. बहिणीचा स्वेटर, तिची एक हात तुटलेली बाहुली आणि टॉर्च. ती बॅग उशाशी घेऊन, पट्टा हाताला गुंडाळून तो झोपायचा, अंधारात शोधायला लागू नये म्हणून.

एका रात्री त्याला झोप लागली. पावलं ऐकू आली नाहीत. त्या रात्री काय झालं ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पुढे सांगितलं ते मी इथे सांगणार नाही.

बोलता बोलता त्यांनी मांडीवरची बॅग उघडली. डबा, ऑफिसचे कागद, छत्री, आणि एक टॉर्च. सदतीस वर्षांनंतर. आम्ही दोघं त्या टॉर्चकडे बघत बसलो, कोणी काही बोललं नाही.

दोन आठवड्यांनी ते आले आणि बसायच्या आधीच, उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी उशीर केलात ते मला आवडलं नाही." आवाज कापत होता. म्हणाले आणि झटकन दाराकडे बघितलं. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत, आवडणार नाहीच, मी सांगायला हवं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मी चिडतेय का, गप्प होतेय का, आणि मग विचारलं, "बस्स? एवढंच?"

हो, एवढंच.

तेव्हा ते रडले. झोपेचं काम, श्वासाचं काम, स्वप्नांचं काम, ते सगळं उपयोगी होतंच, पण खरी सुरुवात त्या "एवढंच" पासून झाली असं मी मानते. जखम माणसांमुळे झाली होती, ती भरायला माणूसच लागलं. परत सांगते, जखम माणसांमुळे झाली, भरायला माणूसच लागतं.

ही काही माझी अक्कल नाही. १९३२ साली जर्मनीत विस्बाडेनला मनोविश्लेषकांची परिषद होती, तिथे शांडोर फेरेंत्सी या हंगेरियन डॉक्टरने एक निबंध वाचला, की मुलांवरचे अत्याचार खरे असतात, कल्पनेतले नसतात, आणि घडल्यानंतर मोठी माणसं ते नाकारतात तेव्हा मुलाचं जास्त नुकसान होतं. आणि त्याने हेही सांगितलं की उपचार करणाऱ्याने स्वतःची चूक कबूल केली की पेशंटचा विश्वास बसतो, आणि त्या विश्वासामुळे त्याला आजचा दिवस आणि तेव्हाचा दिवस यातला फरक कळतो. मनोविश्लेषणाची सुरुवात करणाऱ्या फ्रॉइडला तो निबंध अजिबात आवडला नव्हता, फेरेंत्सी पुढच्याच वर्षी वारला आणि त्याचं म्हणणं कित्येक वर्षं बाजूला पडून राहिलं. मला याचं फार वाईट वाटतं.

आता खोलात जाणारी थेरपी म्हणजे काय ते थोडक्यात. लक्षणावर इलाज करायचाच, पण हे लक्षण पूर्वी कोणाचं रक्षण करत होतं, हेही विचारायचं. ती बॅग म्हणजे वेडेपणा नव्हता, आठ वर्षांच्या पोराने बहिणीला वाचवायची केलेली सोय होती. नेणिवेत ती सोय अजून चालू होती, पावलं बदलली, जिना बदलला, वडील जाऊन बारा वर्षं झाली, तरी चालू होती. आणि इंटिग्रेटिव्ह म्हणजे एकाच पद्धतीला चिकटून बसायचं नाही. यांच्या बाबतीत शरीरावर काम केलं, खुर्चीत पाठ टेकून बसणं हेच आम्ही कित्येक आठवडे शिकत होतो. त्या एका रात्रीच्या आठवणीसाठी ईएमडीआर वापरलं, ज्यात आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांबरोबर डोळे फिरवायचे असतात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिन शापिरोने ती पद्धत आणली आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, तिची शिफारस केली. आणि रिकाम्या खुर्चीत त्या आठ वर्षांच्या मुलाला मनाने बसवून त्याच्याशी बोलायचं, तेही केलं. पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हे गृहस्थ काय म्हणाले माहितीये? "त्याने झोपायला नको होतं." स्वतःच्याच लहानपणाचा एवढा राग. तो राग विरघळायला आणखी पाच महिने लागले.

क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मधे हे तीन टप्पे नीट मांडले, आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी फ्रान्समधे पिएर जानेने साधारण असाच क्रम धरला होता. आधी सुरक्षितता, मग आठवण. घाई करून पहिल्याच भेटीत सगळं उकरून काढणारा थेरपिस्ट भेटला तर तिथून उठून या. आणि जो म्हणेल की तुमच्यावर अत्याचार झालेलाच आहे, तुम्हाला फक्त आठवत नाही, त्याच्याकडून तर लगेच उठा. आठवणी बाहेरून सुचवल्या तर नसलेल्या गोष्टीही माणसाला आठवायला लागतात, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. जे आठवतं तेवढ्यावर काम होतं, शरीराला जे कळतं तेवढ्यावरही होतं.

अजून एक गोष्ट मनात खूप दिवस आहे. "किती शहाणं मूल आहे, काही त्रासच नाही" हे कौतुक ऐकलं की मला काळजी वाटते. खरंच शांत स्वभावाची मुलं असतात, पण जे मूल कधी हट्ट करत नाही, कधी चिडत नाही, सगळ्यांचे मूड सांभाळतं, त्याच्याकडे जरा थांबून बघा. हे गृहस्थ शाळेत सगळ्यात शहाणे होते, सर्टिफिकेटं आहेत.

आई-वडील ऐकत असतील त्यांच्यासाठी पण सांगते, चुकायचंच नाही असं कोणी म्हणत नाहीये. एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आया आणि बाळांवर प्रयोग केला, आईने दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा, बाळ हसून बघतं, हात पसरतं, मग कळवळतं. पण त्यांच्याच पुढच्या कामातून हेही दिसलं की चांगल्या नात्यातही आई आणि बाळ सारखे जुळलेले नसतात, सारखं चुकतं आणि परत जुळवलं जातं, आणि त्या परत जुळवण्यावर बाळाचा भरवसा बसतो. ओरडलात ना, मग जाऊन सांगा की मी ओरडले, तुझी चूक नव्हती. दहा वर्षांनी सांगितलंत तरी चालेल, पण सांगा.

ज्यांना स्वतःसाठी मदत हवी आहे त्यांनी पहिल्या भेटीत थेरपिस्टला बिनधास्त विचारायचं, तुमचं शिक्षण काय, ट्रॉमावर, म्हणजे अशा आघातांवर, काम केलंय का, आणि तुमचं काही मला पटलं नाही तर मी काय करू. शेवटच्या प्रश्नाला ते गडबडले किंवा चिडले तर दुसरे बघा. झोप, भूक पार गेली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आजच जा, गोळ्या घेऊनही थेरपी करता येते, त्यात काही कमीपणा नाही.

ते गृहस्थ अजून येतात, महिन्यातून एकदा. मधली खुर्ची घेतात. बॅग खुर्चीच्या पायाशी असते, ती खाली कधी ठेवली गेली ते त्यांच्या लक्षात नाही आणि मीही अजून विचारलेलं नाही. मागच्या वेळी मला पाच मिनिटं उशीर होणार होता, मी दार उघडून सांगितलं, तर मासिकातून डोकं वर न काढता म्हणाले, "या सावकाश."

नमस्कार.