पाळी आली की वाजवायचं

(दृश्य: संगीतोपचाराची खोली. गोलात पाच मुलं, त्यात एक चाकाची खुर्ची. मध्ये मोठा डफ.)

स्वागताचं गाणं सुरू आहे. प्रत्येक ओळीत एका मुलाचं नाव येतं, आणि ओळ संपली की त्या मुलाने डफावर थाप द्यायची.

चौथं नाव येऊन गेलं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी) असलेल्या या मुलीचा हात अजून मांडीवरच आहे. संगीतोपचारक पुढे जात नाहीत, शेवटचाच स्वर हळू छेडत राहतात.

घाई होते ती इथेच. शेजारचं मोठं माणूस दोन सेकंदांत तिचा हात उचलून डफावर ठेवतं. हात उचलायचं ठरवून तो प्रत्यक्ष उचलेपर्यंत अशा मुलांना दहा-पंधरा सेकंदही लागू शकतात. मध्येच हात धरला की तिची सुरू झालेली हालचाल मोडते. थाप पडते, पण ती तिची नसते. आणि बाकीची चार मुलं शिकतात, की हिच्यासाठी थांबायची गरज नाही.

(दृश्य: डफाचा स्टँड, जवळून.)

डफ छातीच्या बरोबर समोर, कोपराच्या किंचित खाली, मुलीकडे थोडा कललेला. तो बाजूला ठेवला तर मान वळते, आणि काही मुलांमध्ये मान वळताच त्या बाजूचा हात ताठ होतो, दुसरा आखडतो. मग वाजवणं राहतं बाजूला, सगळी शक्ती सरळ बसण्यात जाते. खुर्चीचे ब्रेक लावलेले, पाय टेकलेले, कंबर मागे. टिपरूला फोम गुंडाळून मूठ जाड केली आहे, आणि तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा. झांजा मात्र दूर ठेवाव्यात. अचानक मोठा आवाज झाला की दचकून अंग आखडतं, आणि ते सैल व्हायला वेळ लागतो.

मेटॅलोफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर टिपरू मारून वाजवायचं वाद्य. त्याच्या पट्ट्या काढता येतात. 'म' आणि 'नि' काढले की उरतात सा, रे, ग, प, ध. भूपाचे स्वर. कुठलीही पट्टी कुठल्याही क्रमाने वाजवली तरी कानाला खटकत नाही, म्हणून सोबत वाजवणारी मुलं वैतागत नाहीत. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या शिक्षणपद्धतीतून ही युक्ती जगभर गेली. पण पट्ट्या कायमच्या काढून ठेवू नयेत. मूल कान देऊन निवडू लागलं की एकेक परत बसवायची.

ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलासाठी मांडणी बदलते. सुरुवातीला एका वेळी एकच वाद्य, दाराजवळची जागा, कानांवर आवाज कमी करणारे कव्हर, आणि सुरुवात, पाळी, शेवट यांची चित्रं समोर. उठून दारापाशी उभं राहून ऐकणं, हाही सहभागच. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलाला ताल बराच स्पष्ट कळतो, स्वरांतला बारीक फरक कमी. त्याच्याकडे आधी ठेका सोपवावा. अपस्माराचा (फिट येण्याचा) इतिहास पालकांना विचारून घ्यावा, कारण क्वचित काहींना विशिष्ट संगीतानेच झटका येतो.

संगीताकडून काय मागायचं, हेही स्पष्ट हवं. 2017 साली नऊ देशांतल्या 364 ऑटिस्टिक मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वयं चार ते सात. पाच महिने संगीतोपचार देऊनही, सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांहून ठळक फरक दिसला नाही. म्हणून लक्षण पुसून टाकण्याचं आश्वासन पालकांना देऊ नये. विचारायचं ते असं: मूल चार जणांत बसतं का? पाळी घेतं का? टिपरू दुसऱ्याच्या हातात देतं का? नोंदवहीत याच गोष्टी लिहाव्यात, न सांगता झालेल्या आणि सांगून झालेल्या वेगवेगळ्या.

(दृश्य: शाळेचा वर्ग.)

खोलीत जमलेलं वर्गात आपोआप येत नाही. आधी उपचारक आणि मूल, मग एक वर्गमित्र, मग चार-पाच जण. गाणं आणि खूण मात्र तीच. मदतनीस मागे बसतो, मुलांच्या मध्ये नाही. मध्ये बसला तर मुलं त्याच्याशीच बोलतात.

स्नेहसंमेलनात अशा मुलाच्या हाती घुंगरू देऊन त्याला कडेला बसवतात. टाळ्या पडतात, पण घुंगरू वाजले नाहीत तरी गाणं पुढे जातंच. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम 30 सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मान्य करतं. बरोबरी म्हणजे, ज्याच्यावाचून अडेल असं काम देणं: सुरुवातीची थाप, किंवा कडव्यानंतर पुन्हा धृपदावर येण्याचा इशारा. ही थाप उशिरा येणार हे धरूनच गाणं बसवायचं, त्याआधीच्या स्वरावरचा मुक्काम लांबता ठेवायचा. आणि तालीम त्या मुलाशिवाय घ्यायची नाही. त्याच्याविना बसलेली लय मुलांच्या अंगात मुरते, आणि मंचावर त्याचा हात उठायच्या आत गाणं सुरू होतं.