काळं पान आधी निघतं

(दृश्य : शहापूर, बेळगाव. उन्हं कलती. गल्लीत चित्ररथाची तयारी.)

वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगाव झोपत नाही. चित्ररथ निघायच्या आधी गल्लीतली पोरं मावळे होऊन बसलेली असतात. फेटे बांधून झाले, मिशा रंगवून झाल्या की प्रत्येकाच्या आईला फोटो हवा असतो, आणि तोही हातात धरता येईल असा. शहापुरातली ही मुलगी तो जागच्या जागी काढून देते. बारशाला, हळदीलाही तिला बोलावणं येतं. पोरं रांगेत उभी राहतायत तोवर ती कॅमेऱ्यात फिल्म भरून घेतेय. ते नीट बघा, पुढचे दहा फोटो त्यावरच ठरणार आहेत.

(दृश्य : हात आणि कॅमेरा, अगदी जवळून.)

कॅमेरा फुजीफिल्मचा, इन्स्टॅक्स मिनी. १९९८ पासूनचा हा प्रकार. ऊन टाळून ती जिन्याखाली आलीय. चंदेरी पाकीट आत्ता फोडलं, आधी नाही. आतलं कार्ट्रिज, म्हणजे दहा फोटोंच्या फिल्मची चपटी डबी, दोन्ही कडांना धरलंय. मागे दोन चौकोनी भोकं दिसतायत ना, तिथे बोट दाबायचं नाही. मागचं झाकण उघडलं. कॅमेऱ्यात पिवळी खूण, कार्ट्रिजवर पिवळी रेघ. पिवळ्याला पिवळं जुळलं की कार्ट्रिज अलगद बसतं. रेटावं लागलं तर समजायचं, उलटं धरलंय.

झाकण बंद, खट्ट. आकड्याच्या खिडकीत 'एस' दिसतो. तिनं बटण दाबलं आणि वरून फोटोऐवजी एक काळं पान बाहेर आलं. नवखी माणसं इथे घाबरतात, फिल्म जळाली म्हणतात. जळत काही नाही. फिल्मवर उजेड पडू नये म्हणून ते पान कारखान्यातूनच वर ठेवलेलं असतं. ते निघालं, खिडकीत १० आला. आता खुशाल फोटो काढावा.

तिच्या मामांचा खडेबाजारात स्टुडिओ होता, रोलच्या काळात. रोल भरताना सुरुवातीची थोडी फिल्म उजेडात जायचीच, ती धरलेलीच असायची. चुकून झाकण उघडलं तरी आत घट्ट गुंडाळलेलं काही ना काही वाचायचं. इथे एकावर एक सुटी पानं. मध्येच झाकण उघडलं तर ती पांढरी पडतात, आणि पुन्हा छापायला निगेटिव्हही नसतं. म्हणून मामांचं भाचीला एकच सांगणं : "आकडा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नकोस, बाळ."

फोटो बाहेर येतो तो दोन फिरत्या रुळांमधून. रुंद पांढऱ्या कडेत रसायनाची पुडी असते. रूळ ती फोडतात आणि रसायन फोटोभर सारखं पसरवतात. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी १९४७ मध्ये न्यूयॉर्कला पुडी आणि रुळांची हीच करामत जगाला दाखवली होती. मला आजही ती थक्क करते. दीड मिनिटभर फोटो सपाट ठेवायचा. वाऱ्यावर हलवून तो लवकर उमटत नाही, दुमडला तर मात्र डाग राहतो.

आपल्याकडच्या उन्हात जादा पाकिटं गाडीत ठेवू नका. चाळीस अंशांच्या वर रंगांचा भरवसा नाही. फ्रिजमधली फिल्म आधी बाहेर काढून ठेवायची, मग पाकीट फोडायचं. आणि खिशातल्या पाकिटात बसावा म्हणून फोटो कापू नका. आतलं रसायन क्षारी असतं, हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. घरात रांगतं मूल असेल तर फोटो त्याच्या तोंडापासून लांब ठेवा.