धुऱ्यावरची बरबटी

नमस्कार श्रोतेहो. मृग जवळ आला. वखरणी आटोपत आली असेल, बियाण्याच्या पिशव्याही घरात येऊन पडल्या असतील. काटोल-नरखेडकडे कपाशी आणि संत्रा, उमरेडकडे सोयाबीन, रामटेक-मौद्याकडे धान. वावरं हिरवीगार होतील. पण कपाशी जाते जिनिंगला, सोयाबीन जातं तेलाच्या कारखान्यात, आणि पिकवणाऱ्याच्या घरी ताटात पोळी, भात, पातळ वरण, आलूची भाजी.

बाईच्या जेवणाचा आहारतज्ज्ञ एक हिशोब लावतात. अन्नाचे दहा गट, त्यातले निदान पाच दिवसभरात पोटात गेले पाहिजेत. आता पोळी, भात आणि आलू मिळून गट किती? एकच! वरणाचा दुसरा. पुढचे तीन आणायचे कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचं एक कारण या ताटातही आहे.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने २०१३ नंतर काही गावांत वेगळ्या क्रमाने काम केलं. आधी घरोघरी काय खाल्लं जातं ते पाहिलं, मग काय पेरायचं ते ठरवलं. आपण नेमकं उलट करतो, आधी बाजारभाव पाहतो. त्यात चूक नाही, कर्ज भाजीने फिटत नाही. पण सगळं वावर बाजाराच्याच नावाने कशाला?

दर सात-आठ ओळींनंतर मूग घाला, धुऱ्यावर म्हणजे बांधावर बरबटी (चवळी), अंबाडी, तीळ लावा. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत हाती येतो. एक मात्र सांभाळा. सोयाबीनवर मारायचं तणनाशक अंबाडी आणि तिळाला सोडत नाही, तेव्हा धुऱ्याकडच्या ओळी निंदूनच काढा. मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, फांदी पावसाच्या तोंडावर खोचली की लागते. त्याच्या पाल्याची भाजी आपल्याकडे उगाच मागे पडली, असं मला वाटतं. तिच्यावर लिंबू पिळा, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. संत्र्यानेही तेच होतं, आणि संत्र्याचं तर आपल्याला कौतुक नको!

अडचण येते उन्हाळ्यात. एकटीची परसबाग एप्रिलमध्ये करपते, उरलंसुरलं बकऱ्या खातात. म्हणून बचत गटाने विहिरीजवळचा एखादा तुकडा मिळून घ्यावा. कुंपण एकच, पाण्याची पाळी वाटलेली, वाफेही वाटलेले. दोघी-तिघींच्या कोंबड्या असतील तर अंडी गटातच फिरवा. उरेल ते आठवडी बाजारात जाऊ द्या, पण आधी घरचं ताट. आणि त्या ताटात शेवटी जेवणाऱ्या बाईला उरलासुरला रस्साच मिळत असेल, तर वाफे कितीही वाढवा, तिचं रक्त वाढणार नाही. हे घरातल्या पुरुषांनीही ऐकावं.

गावात कुणाकडे बरबटीचं, अंबाडीचं घरचं बियाणं गाडग्यात राखून ठेवलेलं असतं. पेरणीआधी गटाची एक बैठक फक्त त्यासाठी बोलवा.