देवाविषयी आणि देवाशी

बंधुभगिनींनो,

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा पटकीनं गेला. पदरी लहानगी मनोरमा. पण दुःखानं खचून त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, असं कुणी समजू नये. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या शिकवणीवरून त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून नेटानं वाद घालत राहिल्या. पटल्याशिवाय 'आमेन' म्हणणारी ही बाई नव्हती.

आणि याच रमाबाई १९०७ साली आपल्या साक्षीत सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त काही मिळालेला नाही.

आठ वर्षं! याच काळात, १८८९ साली, त्यांनी शारदा सदन उघडलं होतं. विधवांना आसरा दिला होता. अभ्यास होता, सेवा होती, त्यागही होता. तरी आत काहीतरी रितं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मी उपदेशाला उभा राहतो तेव्हा ही गोष्ट मला फार जवळून टोचते.

आपल्या मराठीत दोन छोटे शब्द आहेत, 'विषयी' आणि 'शी'. देवाविषयी बोलणं आणि देवाशी बोलणं. पहिलं मला तासभर सहज जमतं. दुसऱ्याला खोलीचं दार लावून बसावं लागतं, आणि तिथं माझी विद्वत्ता उपयोगी पडत नाही. देवाला कोणी कधी पाहिलेलं नाही, हे योहान आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कबूल करतो. पण लगेच सांगतो, की पित्याच्या उराशी असलेल्या पुत्रानं, म्हणजे ख्रिस्तानं, त्याला प्रकट केलं. न दिसणाऱ्या देवाची ओळख तिथून होते, त्या उराशी असलेल्याकडून.

आमच्या घरी वडिलांना आम्ही 'तुम्ही' म्हणत असू. साहेबांना तर 'आपण'. पण प्रभूच्या प्रार्थनेत आपण सारे म्हणतो, 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. तुझे! आईला म्हणतो तसं. लहानपणापासून म्हणत आल्यामुळे त्यातली जवळीक आपल्या कानांना जाणवेनाशी झाली आहे. रमाबाईंना ती जाणवली असावी, असं मला वाटतं. एवढ्या संस्कृत पंडिता, पण हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं ते साध्यासुध्या बायकांना कळेल अशा बोलीत. १९२२ साली त्या गेल्या. १९२४ साली ते छापून झालं.

माझी आजी नगरची. शाळेचं तोंड न पाहिलेली. आजोबा गेले, त्यानंतर महिनाभरातली ही गोष्ट. मी चुलीपाशी बसलो होतो. आजी परातीत भाकरी थापत होती. मध्येच हात थांबला आणि वर न बघता ती म्हणाली, "ह्यांना नेलंस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस." मला वाटलं, माझ्याशीच बोलतेय. मी म्हटलं, "काय गं?" तिनं मला हातानंच गप्प केलं. बराच वेळ गेला. तव्यावरची भाकरी करपायला आली. ती तिनं उलटली, दुसरा उंडा हातात घेतला आणि त्याच सुरात म्हणाली, "बरं. आता पोरांकडे तरी बघ."